प्रश्न विचारा, आणि थांबा!

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहाचे कप फिरू लागले की एक वाक्य हमखास कानावर येते : ‘पालथ्या घड्यावर पाणी हो, दुसरं काय!’ कधी ते नववी ‘ब’ला उद्देशून असते, कधी दहावी ‘क’ला. माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली आणि त्यांतली निदान पहिली बारा वर्षे हे वाक्य मीही मोठ्या आत्मविश्वासाने म्हणत आलो. मुलांचे लक्ष नसते, प्रश्न विचारला की माना खाली जातात, आम्ही जीव तोडून शिकवतो आणि यांना गोडीच नाही, अशी आमची तक्रार. घडा पालथा घालण्यात आपलाही काही हात असेल, हा विचार मनाला कधी शिवला नव्हता.

तो विचार करायला लावला एका छात्राध्यापिकेने. १९९५ साली, दिवाळीच्या सुट्टीनंतर, बी. एड.चे काही विद्यार्थी पाठ घेण्यासाठी आमच्या शाळेत आले होते. स्वतःचे पाठ सुरू होण्यापूर्वी त्यांनी जुन्या शिक्षकांच्या तासांचे निरीक्षण करायचे असते. त्यांपैकी एक माझ्या नववीच्या वर्गात, भूमितीच्या तासाला, शेवटच्या बाकावर वही आणि घड्याळ घेऊन बसली. तास माझ्या मते उत्तम झाला. आकृत्या रेखीव आल्या, ठरवलेला भाग वेळेत संपला, आणि प्रश्न तर मी भरपूर विचारले. तास संपल्यावर तिने सहीसाठी वही पुढे केली. तीत लिहिले होते : सरांनी विचारलेले प्रश्न ४३. उत्तरे देणारे विद्यार्थी ५. सरांनी स्वतःच उत्तर दिले असे प्रश्न १९. वर्गात मुले होती ६२.

खाली आणखी एक ओळ होती. ‘खिडकीकडील तिसऱ्या बाकावरची मुलगी उत्तर पुटपुटते आणि तिच्या पुढची ते मोठ्याने सांगते.’

‘नजर बारीक आहे हो तुमची,’ असे म्हणून मी हसलो, सही केली आणि ती गोष्ट विसरून गेलो.

पुढच्या जूनमध्ये त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीचे वडील शाळेत आले. मार्केट यार्डात हमाली करणारा माणूस. मुलगी नववी पास झाली होती आणि त्यांना तिचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. मी त्यांना समजावू लागलो. मुलींना फी नाही, एका वर्षाचा तर प्रश्न आहे, दहावी होऊ द्या, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘सर, पोरगी हुशार असती तर कर्ज काढून शिकविली असती. पर तुमीच तर दर बारीला लिवताय, साधारण म्हणून.’

पिशवीतून त्यांनी प्रगतिपुस्तक काढले. शेऱ्याच्या रकान्यात ‘साधारण’ हा शब्द ओळीने होता. अक्षर माझेच. मुलगी दाराशी उभी राहून पायरीकडे बघत होती. दाखला घेऊन दोघे निघून गेले.

त्या शेऱ्याला माझ्याकडे आधार काय होता? चाचण्यांतले बेताचे गुण, आणि वर्षभरात तिने एकदाही हात वर केला नव्हता, एवढाच. तिला उत्तरे सुचत होती हे एका परक्या मुलीला पस्तीस मिनिटांत दिसले, ते मला वर्षभरात दिसले नाही. कारण उघड होते. प्रश्न विचारला की पहिला हात वर येईल त्याच्याकडे मी वळत असे, आणि हात आला नाही तर उत्तर सांगून पुढे जात असे. ती पुटपुटेपर्यंत मी तिथे थांबलेलोच नसे.

या थांबण्यावर अभ्यास झालेला आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात वर्गातल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजमाप केले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, तेवढ्यात उत्तर आले नाही तर दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात, असे त्यांना आढळले. हाच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तर उत्तरे लांब आणि सकारण येऊ लागतात, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटते आणि मुले आपणहून प्रश्न विचारू लागतात. त्यांचे आणखी एक निरीक्षण मला फार लागले. ज्यांना आपण हुशार समजतो त्यांच्या उत्तरासाठी शिक्षक जास्त वेळ थांबतात आणि ‘साधारण’ मुलांसाठी कमी. ज्याला वेळ हवा, त्यालाच तो मिळत नाही.

मी थांबायला शिकलो ते असे कुठले संशोधन वाचून नव्हे, त्या दाखल्यामुळे. प्रश्न विचारायचा आणि मनात तीन अंक मोजायचे. पहिल्या आठवड्यात मुलांना वाटले, सर उत्तर विसरले! पुढच्या बाकांवर खसखस पिकली. माझाही जीव वरखाली होई, कारण वर्गातली शांतता शिक्षकाला खायला उठते. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असे हात वर येऊ लागले की ज्यांची नावे मला हजेरीपुरतीच ठाऊक होती.

नुसते थांबूनही भागत नाही, हे लवकरच लक्षात आले. प्रश्नही थांबण्याच्या योग्यतेचा हवा. ‘याला काय म्हणतात?’ या प्रश्नावर तीन तास थांबलो तरी ज्याला पाठ नाही त्याला येणार नाही. म्हणून मी दुसऱ्या तऱ्हेचे प्रश्न शोधू लागलो. एकच उदाहरण देतो. ‘पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ केव्हा असते, जानेवारीत की मे महिन्यात?’ प्रत्येकाने आपले उत्तर वहीच्या कोपऱ्यात लिहायचे, मग शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलायचे, आणि मग हात वर. जवळजवळ सगळा वर्ग मे महिन्याच्या बाजूने असे. खरे उत्तर जानेवारीचा पहिला आठवडा. तेव्हा अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असते, आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे १५.२ कोटी. हे सांगितले की वर्गात जो गलका होई, तो ऐकायला शेजारच्या वर्गातले सर दारात येत. ‘मग उन्हाळा का होतो?’ हा प्रश्न आता मुलांचा असे, माझा नव्हे. एकदा कधी न बोलणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘सर, जानेवारीत ऑस्ट्रेलियात मॅच असते तेव्हा तिकडं कडक ऊन असतं. म्हणजे जवळ-लांबचा संबंध नाही.’ क्रिकेटच्या वेडाबद्दल ज्याला घरी रोज बोलणी बसत, त्याने अर्धा धडा शिकवून टाकला. उरलेला अर्धा आम्ही मैदानात एक मीटरची काठी रोवून शिकलो. दर सोमवारी दुपारी साडेबाराला सावली मोजायची. डिसेंबरात ती काठीहून थोडीच आखूड असते आणि एप्रिलच्या मध्यावर वीतभरही उरत नाही. सूर्य किती वर चढतो यावर उन्हाळा ठरतो, हे मग कुणाला पाठ करावे लागले नाही.

उत्तर चुकले तरी हसायचे नाही, आणि बरोबर आले तरी लगेच ‘शाबास’ म्हणायचे नाही, एवढे पथ्य मी पाळले. दोघांनाही एकच विचारायचे : ‘कशावरून?’

माझे शिक्षक मित्र म्हणतात, ‘हे सगळं ठीक आहे हो. पण साठ मुलं, पस्तीस मिनिटं, आणि मार्चमध्ये परीक्षा! थांबायला वेळ आहे कुणाला?’ अडचण खोटी नाही. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाला उभे करणाऱ्या व्यवस्थेलाही याचा जाब विचारला पाहिजे. पण हिशेब करून पाहू. त्या दिवशीच्या माझ्या ४३ प्रश्नांवर मी प्रत्येकी तीन सेकंद थांबलो असतो, तर १२९ सेकंद गेले असते. सव्वादोन मिनिटेही नाहीत. आणि ४३ प्रश्न विचारायला सांगितले होते कुणी? आठ चांगले पुरे होते.

मोठ्या प्रमाणावर हे होऊच शकत नाही, असेही नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. मुले गटागटाने स्वतः प्रयोग करीत, निष्कर्षांवर वाद घालीत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. पुढे तो शेकडो साध्या शाळांत पसरला आणि २००२ साली सरकारने तो बंद करेपर्यंत तीस वर्षे चालला. १९९३ साली प्रा. यशपाल यांच्या समितीने सांगितले की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक आहे. आपण त्यातले दप्तराचे वजन तेवढे लक्षात ठेवले.

आता तर मुलांच्या हातात मोबाइल आला आहे. कोणताही धडा त्यावर उत्तम चित्रांसह, माझ्याहून चांगल्या आवाजात ऐकायला मिळतो. मग शाळेत जायचे कशाला, असे मुले विचारतात. माझे उत्तर असे की समोर बसलेल्या मुलाला काय वाटते हे जाणून घेण्यासाठी कुणीतरी थांबते, ते वर्गात. निदान थांबायला हवे. वर्गातही नुसते ऐकायचेच असेल, तर मुले मोबाइलकडे वळली याचा दोष त्यांना देता येणार नाही.

पालकांना एक विनंती. शाळेत पालकसभेला जाल तेव्हा गुण विचाराच, पण आणखी एक प्रश्न विचारा : ‘आमची मुलगी वर्गात बोलते का हो?’ शिक्षकाला चटकन सांगता आले नाही, तर तो त्याच्यावर राग धरण्याचा विषय नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्याची नजर तिच्या बाकाकडे वळेल. माझी त्या खिडकीकडच्या बाकाकडे वळली नव्हती. आणि घरी मुलांना काही विचाराल, तेव्हा उत्तर येईपर्यंत जरा थांबा. तीन अंक मोजायला फार वेळ लागत नाही.