विश्लेषण : स्वस्तातले ‘निंजापट’ चाळीस वर्षांनंतरही का आवडतात? आणि ते जपणार कोण?

कथा पहिल्या दहा मिनिटांतच कळते. भावाला किंवा गुरूला कोणीतरी मारते, नायक एखाद्या म्हाताऱ्या उस्तादाकडे जाऊन घाम गाळतो आणि शेवटच्या लढतीत हिशेब चुकता करतो. संवाद बेताचे, अभिनय त्याहून बेताचा. तरीही ‘अमेरिकन निंजा’, ‘ब्लडस्पोर्ट’, ‘किकबॉक्सर’ अशी नावे काढली की आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांचे चेहरे उजळतात. हे फक्त बालपणाचे आकर्षण आहे, की या चित्रपटांनी मोठ्या चित्रपटांना न जमलेले काही दिले? आणि ज्या व्हिडीओ कॅसेटवरून ते घराघरांत पोहोचले त्या बुरशी लागून संपत असताना हा ठेवा उरणार कसा?

हे चित्रपट नेमके कोणते?

‘बी मूव्ही’ हा शब्द १९३० च्या दशकातला. अमेरिकेतील चित्रपटगृहांत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. त्यातला कमी खर्चाचा, बिनबड्या कलाकारांचा दुसरा चित्रपट म्हणजे ‘बी’. पुढे कोणत्याही स्वस्तातल्या चित्रपटाला हे नाव चिकटले.

मार्शल आर्ट्सच्या बाबतीत सुरुवात झाली ती १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’पासून. साधारण साडेआठ लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने जगभर अफाट कमाई केली. ते पाहायला ब्रूस ली मात्र नव्हता. प्रदर्शनाच्या आधीच, २० जुलै १९७३ रोजी त्याचे निधन झाले. त्याची रिकामी जागा भरण्यासाठी पुढे कित्येक निर्माते धावले.

१९७९ मध्ये मेनाहेम गोलन आणि योराम ग्लोबस या चुलतभावांनी ‘कॅनन फिल्म्स’ विकत घेतली. १९८१ चा ‘एंटर द निंजा’, १९८३ चा ‘रिव्हेंज ऑफ द निंजा’ आणि १९८५ चा ‘अमेरिकन निंजा’ त्यांचेच. ‘अमेरिकन निंजा’चा नायक मायकल डुडिकॉफ हा तर तोवर मार्शल आर्ट्सचा खेळाडूही नव्हता. १९८८ मध्ये ‘ब्लडस्पोर्ट’ आला आणि जाँ-क्लोद व्हॅन डॅम हे नाव जगाला कळले. पाठोपाठ १९८९ मध्ये ‘किकबॉक्सर’ आला. याच काळात निर्माता रॉजर कॉरमनने किकबॉक्सिंगमधील विजेता डॉन विल्सनला घेऊन ‘ब्लडफिस्ट’ काढला. ‘एंटर द ड्रॅगन’चा दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउझ याने सिंथिया रॉथरॉक या विजेत्या महिला खेळाडूला नायिका करून ‘चायना ओब्रायन’ केला.

कमी पैशांत मारामारीच का?

यामागे साधे गणित आहे. युद्धपटाला रणगाडे लागतात, विज्ञानपटाला यंत्रे आणि सेट लागतात. इथे शरीर हाच ‘स्पेशल इफेक्ट’. मोठा तारा नको, कारण प्रेक्षक लाथ पाहायला येतो. ‘अमेरिकन निंजा’ फिलिपिन्समध्ये, ‘किकबॉक्सर’ थायलंडमध्ये आणि ‘ब्लडस्पोर्ट’ हाँगकाँगमध्ये चित्रित झाला, कारण तिथे चित्रीकरण स्वस्त पडे. निंजाचा तर आणखी एक फायदा. चेहरा झाकलेला, त्यामुळे एकच स्टंटमन दिवसभरात दहा वेळा मरू शकतो.

दुसरे कारण विक्रीचे. विनोद दुसऱ्या भाषेत नेताना सांडतो, ठोसा सांडत नाही. कॅनन तर अनेकदा चित्रपट तयार होण्याआधीच, नुसत्या पोस्टरच्या जोरावर देशोदेशींचे हक्क विकून पैसा उभा करत असे. त्यात व्हिडीओ कॅसेटची बाजारपेठ उघडली आणि थेट कॅसेटसाठीच चित्रपट बनू लागले.

यवतमाळसारख्या जिल्ह्यापर्यंत ते कसे पोहोचत?

चित्रपट व्यवसायाच्या नकाशावर यवतमाळ जिल्हा आजही ‘सीपी बेरार’ सर्किटमध्ये मोडतो. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार हा इंग्रजांच्या काळातला प्रांत १९५० मध्ये सरकारी नकाशावरून पुसला गेला, पण वितरकांच्या वहीत राहिला. या सर्किटच्या वितरणाचे केंद्र अमरावती, तर वितरक आणि चित्रपटगृह मालकांच्या ‘सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन’चे मुख्यालय भुसावळला. व्यवसायाच्या भाषेत गावांची वर्गवारी ए, बी, सी अशी असे. प्रिंट आधी मोठ्या शहरात चाले आणि मग घासलेली, ओरखडे पडलेली होऊन लहान गावांकडे सरके.

त्यात विदेशी चित्रपटांची आयात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सरकारी नियंत्रणाखाली होती. त्यामुळे हे चित्रपट लहान गावांत पोहोचले ते मुख्यतः पडद्याच्या बाहेरून. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर भाड्याने मिळू लागला आणि गावोगावी व्हिडीओ पार्लर उघडली. मग केबलवाल्याच्या स्वतःच्या वाहिनीवर रात्री कॅसेट लागू लागली. १९९४ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत आला, चालला आणि डबिंगचा रस्ता रुंद झाला. त्याआधी तर भाषाच कळत नसे. पण नायकाच्या भावाला कोणी मारले, हे समजायला इंग्रजी कशाला हवे?

प्रेम टिकले त्याचे कारण काय?

पहिले कारण, डोळ्यांना दिसणारी मेहनत. आजच्या मोठ्या अॅक्शनपटात एका लढतीचे शेकडो तुकडे असतात आणि उरलेले काम संगणक करतो. जुन्या बी-पटात कॅमेरा लांब उभा असे, कारण दुसरा कॅमेरा परवडत नसे. त्यामुळे माणूस खरोखर उडी मारतो, खरोखर पडतो, हे दिसे. व्हॅन डॅमचे पाय दोन बाजूंना सरळ पसरतात तेव्हा त्यात कुठलीही करामत नसते. प्रेक्षकाने ती प्रामाणिक मेहनत ओळखली.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. या चित्रपटांचा गाभा शेवटची लढत नाही, त्याआधीचा सराव आहे. नायकाकडे पैसा नसतो, ओळख नसते, वशिला नसतो. असते ते फक्त शरीर आणि रोज पहाटे उठण्याची तयारी. कोचिंग क्लासची फी किंवा क्रिकेटचे महागडे किट न परवडणाऱ्या मुलासाठी हा मोठा दिलासा होता. झाडाला लाथ मारायला पैसे लागत नाहीत. हॉलीवूडने ज्याला दुय्यम माल मानले, त्यातला हा शब्द लहान गावांतल्या पोरांनी खरा मानला आणि कराटेचा पांढरा गणवेश शिवून घेतला. ही भावना अजून जिवंत आहे, हे बाजारालाही कळते. १९८४ च्या ‘द कराटे किड’मधून (हा मोठ्या स्टुडिओचा चित्रपट, पण घराणे तेच) निघालेली ‘कोब्रा काई’ ही मालिका २०१८ पासून २०२५ पर्यंत सहा पर्व चालली. २०२५ च्या ‘कराटे किड : लीजेंड्स’च्या हिंदी आवृत्तीला अजय देवगण आणि त्याचा मुलगा युग यांनी आवाज दिला.

हे प्रेम आहे की टिंगल?

दोन्ही. फ्लोरिडातील ऑरलँडो येथील तायक्वांदो शिक्षक वाय. के. किम यांनी पदरचे पैसे घालून ‘मायामी कनेक्शन’ काढला. त्यात रॉक बँडमधली पोरे अमली पदार्थ विकणाऱ्या निंजांशी लढतात. चित्रपट साफ पडला. २००९ मध्ये टेक्सासमधील एका चित्रपटगृहाच्या कार्यक्रम-आयोजकाने त्याची प्रिंट ईबेवर ५० डॉलरला घेतली, लोकांना दाखवली आणि २०१२ मध्ये तो नव्याने प्रदर्शित झाला. १९९१ च्या ‘सामुराय कॉप’चे चाहते तर त्याचा नायक वारला असेच समजून होते. २०१४ मध्ये तो स्वतःच व्हिडीओतून समोर आला आणि पुढच्याच वर्षी चाहत्यांच्या वर्गणीच्या मदतीने दुसरा भाग निघाला.

लोक सुरुवातीला हसायला येतात आणि हळूहळू त्यांना त्या माणसांचा जीव तोडून केलेला प्रयत्न दिसू लागतो. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत पेन ड्राइव्हवरून फिरलेल्या १९९८ च्या ‘गुंडा’चे असेच झाले. टिंगल एकदाच करता येते. तोच चित्रपट विसाव्यांदा पाहणारा माणूस टिंगल करत नसतो.

महाराष्ट्रात या प्रेमातून काय उगवले?

सर्वात ठळक उदाहरण मालेगावचे. तिथे व्हिडीओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी चित्रपट दाखवता दाखवता संकलन शिकून घेतले आणि २००० मध्ये सुमारे ५० हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ बनवला. ट्रॉली म्हणून सायकल वापरली. यंत्रमागावर राबणाऱ्या गावात त्यातून चित्रपटांची स्थानिक परंपराच उभी राहिली. २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने आणि २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ने ती जगापुढे नेली. स्वस्तातला चित्रपट पाहणाऱ्याला ‘हे आपल्यालाही जमेल’ असे वाटते. कोट्यवधींचा चित्रपट पाहून तसे वाटत नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. वासन बाला यांच्या ‘मर्द को दर्द नहीं होता’चा नायक जन्मतः वेदना न जाणवणारा, व्हीएचएस कॅसेटवरच्या मारधाडपटांवर वाढलेला मुलगा आहे. २०१८ मध्ये टोरंटो महोत्सवाच्या ‘मिडनाइट मॅडनेस’ विभागात त्याला प्रेक्षक पसंतीचा पुरस्कार मिळाला.

या चित्रपटांत खटकणारे काही नाही का?

भरपूर आहे. विद्या आशियाची, गुरू आशियाई आणि जिंकणारा मात्र गोरा अमेरिकी, हा साचा वारंवार दिसतो. खलनायक म्हणून आशियाई चेहरे ठोकळेबाज पद्धतीने वापरले जातात. रॉथरॉकसारखे अपवाद सोडले तर स्त्रिया फक्त सोडवल्या जाण्यासाठी असतात. ‘ब्लडस्पोर्ट’ सत्यकथा म्हणून विकला गेला, पण ज्याच्या आयुष्यावर तो बेतला त्या फ्रँक डक्सच्या दाव्यांवर १९८८ मध्येच अमेरिकी वृत्तपत्राने प्रश्न उभे केले होते. आवडीबरोबर हे दोष मान्य करणारा चाहताच खरा जाणकार.

मग हे चित्रपट जपणार कोण?

खरी अडचण इथे आहे. अमेरिकेत चाहत्यांनी आणि लहान कंपन्यांनी मूळ निगेटिव्ह शोधून अनेक चित्रपट वाचवले. आपल्या आठवणीत मात्र मूळ इंग्रजी चित्रपट नाही, आहे ती त्याची हिंदी आवृत्ती. ते आवाज, ते बदललेले संवाद अमेरिकेतील कुठल्याही निगेटिव्हवर नाहीत. ते इथल्या कॅसेट आणि व्हीसीडीवर आहेत.

व्हीएचएस फितीवर चुंबकीय कण एका चिकट थराने धरून ठेवलेले असतात. ओलावा लागला की तो थर सुटतो आणि बुरशी धरते. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीने, फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. व्हीसीडीचे चित्र अवघ्या ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. फोनच्या पडद्यावर ते धूसर दिसते, पण काही चित्रपटांची हिंदी आवृत्ती तेवढीच हाती असू शकते.

सरकारी जतनाचा भर स्वाभाविकपणे भारतीय चित्रपटांवर आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेतून सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर झाले, तेही भारतीय चित्रपटांसाठी. प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती ठराविक ग्रंथालयांना देण्याचे बंधन घालणारा १९५४ चा कायदा चित्रपटांना लागू नाही. विदेशी चित्रपटाची हिंदी आवृत्ती अशी दोन्हीकडून निसटते.

कायदा काय सांगतो आणि आपण काय करू शकतो?

भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे ‘अमेरिकन निंजा’ २०४५ अखेरपर्यंत संरक्षित. परवानगीशिवाय तो यूट्यूबवर चढवणे बेकायदाच. कॅसेट मात्र २०४५ पर्यंत थांबणार नाही, आणि पेच नेमका हा आहे. खासगी, वैयक्तिक वापरासाठी कायद्यात ‘रास्त वापरा’ची सवलत आहे. तिच्या मर्यादेत राहून घरची कॅसेट डिजिटल करून ठेवणे आणि सार्वजनिक ठिकाणी चढवणे, यातला फरक लक्षात घ्यायला हवा.

माळ्यावर जुन्या कॅसेट असतील तर तीन गोष्टी पाळाव्यात. पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट यंत्रात घालू नये, कारण बुरशी यंत्रातून दुसऱ्या कॅसेटला लागते. कॅसेट आडवी न ठेवता पुस्तकासारखी उभी, कोरड्या जागी ठेवावी. आणि भंगारात देण्यापूर्वी वेष्टनावरचे नाव, कंपनी, वर्ष यांचा फोनवर एक फोटो काढून ठेवावा. कुठला चित्रपट कोणत्या आवाजात इथे पोहोचला होता, याची निदान नोंद तरी त्यातून उरेल.