मुंगसाला दोष देऊ नका, खुराडे नीट करा



कोणाच्या कोंबड्या मेल्या की गावातले सगळे मुंगसाला शिव्या देतात. कोणी म्हणतो सापळा लावू, कोणी म्हणतो विष घालू. मला हे पटत नाही. मुंगूस पोट भरायला येते, ते येणारच. पण ते आत कुठून शिरले हे कोणी बघत नाही. माझे मत असे आहे की दोष मुंगसाचा नसून आपल्या खुराड्याचा आहे.

गाईला गोठा असतो. कोंबड्यांना मात्र उरलेसुरले मिळते. फुटका पत्रा, जुने पोते, वर एक धोंडा, झाले खुराडे! मोठी माणसे म्हणतात, कोंबड्या म्हणजे बायकांचा किरकोळ धंदा. पण आमच्या वह्या, पेन्सिली आणि आईच्या बांगड्या अंड्यांच्याच पैशातून येतात. त्यासाठी आईला कोणाकडे मागावे लागत नाही. पावसाळ्यात शेजारच्या आजींच्या सात कोंबड्या एका रात्रीत गेल्या. एकच खाल्लेली होती, बाकीच्या नुसत्या मारून टाकलेल्या. आजी त्या दिवाळीला विकणार होत्या. आता त्यांच्याकडे एक तलंग उरली आहे. अंडी उबायलाच 21 दिवस लागतात, मग पिल्लू मोठे होऊन अंड्यावर यायला सहा महिने तरी जातात. हिशेब तुम्हीच करा.

विष तर मुळीच घालू नये. ते आपलाच कुत्रा खातो. शिवाय मुंगूस शेतातले उंदीर आणि साप खाते, आणि 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला मारता येत नाही.

कोंबडीला अंधारात दिसत नाही. रात्री तिला पकडले तर ती पळतसुद्धा नाही. म्हणून दिवेलागणीच्या आधी दार लागलेच पाहिजे. काही कोंबड्या झाडावर बसतात, कारण त्या मूळच्या रानकोंबड्यांच्या वंशातल्या आहेत, असे गुरुजींनी सांगितले. पण रानमांजर झाडावर चढते! तेव्हा मूठभर कण्या टाकून त्यांना रोज आत बोलवावे. चार दिवसांत सवय लागते.

आमच्या अण्णांनी खुराडे बांधले ते असे. चार मेढी पुरून दोन फूट उंचावर. लांबी 4 फूट, रुंदी 3 फूट, म्हणजे 12 चौरस फूट. एका कोंबडीला निजायला एक चौरस फूट धरला तर बारा कोंबड्या मावतात. आत एक आडवा बांबू आहे, त्यावर त्या ओळीने बसतात. खाली फळ्या जवळजवळ ठोकल्या, बाजूला लोखंडी जाळी, वर पत्रा. पत्र्याखाली वारा खेळायला जागा ठेवली, पण तिथेही जाळी आहे. दाराला कडी आणि कडीत खिळा. नुसती सुतळी बांधू नये, ती कुरतडली जाते. ज्यांचे खुराडे जमिनीवर आहे त्यांनी चारी बाजूंनी फूटभर खणून दगड भरावेत, कारण मुंगूस माती उकरून खालून येते. अंडी रोज उचलावीत आणि सांडलेले दाणे झाडून घ्यावेत. दाण्याला उंदीर येतो, उंदरामागे साप येतो.

काही जण म्हणतात, मग कोंबड्या दिवसासुद्धा कोंडा. हे मला आवडत नाही. मोकळ्या कोंबड्या किडे, वाळवी खातात, उकिरडा उकरतात, दाण्याचा खर्च वाचतो. दिवसा पिल्लांना भीती घारीची. पिल्ले लहान आहेत तोवर आईसकट डालग्याखाली ठेवावीत. कोंबडा घार दिसली की एक आवाज काढतो आणि कुत्रा दिसला की वेगळाच. खोटे वाटेल तर ऐकून बघा.

अण्णा पहिल्यांदा म्हणाले, वेळ नाही. आई म्हणाली, मग वह्यांचे पैसे तुम्हीच द्या. त्या रविवारी खुराडे झाले. पालकहो, तुम्हीपण एक रविवार द्या. आणि बाजारात जाळी घेताना अर्ध्या इंचाचीच मागा. दुकानदार आधी मोठ्या भोकांची दाखवतो, ती स्वस्त असते, पण तिच्यातून मुंगसाचे पिल्लू सहज आत जाते.