ऐकणाऱ्याची बाजू

पेणकर, रोहेकर ही आडनावे बेने इस्रायली घराण्यांचीही आहेत, हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असते. आजच्या रायगड जिल्ह्यातील खेड्यांत तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवार पाळणारा हा ‘शनवार तेली’ समाज मराठीच बोलत आला. मिशनऱ्यांचे लक्ष त्याच्याकडे लवकर गेले. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे आपल्या शाळांत या समाजातील मुले घेतली, शिक्षकही नेमले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून सिद्ध केले. जुन्या करारावरून नव्याकडे नेण्याचा हेतू उघड होता. राज्य इंग्रजांचे, छापखाना मिशनचा. तरीही समाजाने अक्षरे घेतली, व्याकरण घेतले, मराठीतला जुना करार घेतला. धर्मांतर मात्र फार थोड्यांनी केले. उलट १८८० च्या सुमारास मुंबईतील बेने इस्रायलींनी आपल्या पूर्वजांच्या कथा मराठी कीर्तनात आणल्या.

खेड्यातील धर्मप्रसाराविषयी आज वाद होतो तेव्हा एका पक्षाला ग्रामस्थ उद्धाराची वाट पाहणारा दिसतो, दुसऱ्याला फसणारा भाबडा. तो ऐकतो, पारखतो, हवे ते ठेवतो, हे दोघांच्याही गावी नसते. मिशनरी वाङ्मय शिकवताना आपणही लिहिणाऱ्याच्या हेतूपाशीच थांबतो. वाचणाऱ्याने त्या पुस्तकाचे काय केले, हे विचारल्याखेरीज तो इतिहास अर्धाच राहील.