साडेआठनंतरचा फोन

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथल्या बायकांच्या ग्रामसभेत एक गोष्ट ठरली. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल, टीव्ही आणि मोबाइल बंद होतील, साडेआठला दुसरा भोंगा होईल. मधल्या दीड तासात पोरांनी वाचायचं, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. पहिल्यांदा लोक हसले. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त गुरुजी घरोघर फिरले. कोरोनात शाळा मोबाइलवर आली होती. शाळा पुन्हा वर्गात गेली तरी मोबाइल पोरांच्या हातातच राहिला, हे त्या गावानं वेळेवर ओळखलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या हदगावहून पैनगंगेपलीकडे असलेल्या पुसद तालुक्यात, बान्सीच्या ग्रामसभेनं अठराच्या आतल्या मुलांना मोबाइलबंदी केली. तळमळ तीच आहे. तरी मला वडगावची वाट जास्त पटते, कारण तिथला नियम बापालाही लागू आहे. आपण ओसरीवर रील पाहत बसायचं आणि पोराला ‘अभ्यासाला बस’ म्हणायचं, तर त्यानं का ऐकावं? शिवाय वडगावात साडेआठला फोन परत हातात येतो. यंदाच्या दिवाळी अंकात मला बोलायचं आहे ते त्या परत हातात आलेल्या फोनबद्दल.

हदगावकरांना फोन टाकून देणं परवडणारं नाही. हळदीचा, सोयाबीनचा भाव त्यावर कळतो. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं त्यावरच नोट्स मिळवतात. नदीला पाणी चढलं की काठच्या गावांना निरोप त्यावरून जातो. पुण्याला कंपनीत लागलेली लेक आईला त्यावरच दिसते. ही सगळी कामं खरी आहेत आणि ती मिनिटांची आहेत. पुढचे तास कशात जातात ते ज्यानं त्यानं आठवून पाहावं. आठवडी बाजाराला निघताना काय आणायचं ते घरीच ठरतं. फोन उघडतानाही तेवढंच ठरवावं, आणि काम झालं की ठेवून द्यावा.

वेळ जाण्यापेक्षा मोठा घात मात्र मेसेज न वाचता पुढं ढकलण्यात आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवण्याची मर्यादा घातली. पण पाच ठिकाणीसुद्धा खोटं जाऊ शकतं. हे कुणी पाहिलं, कुठं, कधी, एवढं विचारल्याशिवाय गावच्या ग्रुपवर काहीही टाकू नये, आणि ग्रुप चालवणाऱ्यानं नात्यागोत्याची भीड न धरता विचारावं.

वडगावसारख्या त्या दीड तासासाठी ग्रामसभेच्या ठरावाची वाट पाहायला नको. एका गल्लीनं ठरवलं तरी पुरे. एकट्या घरानं ठरवलं तर शेजारचा टीव्ही ते मोडतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सात ते साडेआठ करून पाहा. चाललं तर भाऊबीजेपर्यंत न्या, मग शाळा उघडल्यावर रोज. आणि आपल्या गल्लीत ते कसं जमलं, कुठं अडलं, हे अंकाच्या पत्त्यावर जरूर लिहून पाठवा. पुढच्या दिवाळीला तेच छापू.

— संपादक