पुस्तकांची पालखी आणि पुस्तकांचं दुकान



ज्येष्ठ शुद्ध पंचमी आली की बस्तीतली शास्त्रांची कपाटं उघडतात. जुनी वेष्टनं काढून नवी घालतात, पोथ्यांना हवा लागते, पालखी निघते, पालखीचे सवाल होतात. श्रुतपंचमीचा हा थाट मला मनापासून आवडतो. पण त्याच आपण बाजारात गेलो की साडीच्या, भांड्यांच्या, चपलांच्या दुकानात शिरतो आणि पुस्तकांच्या दुकानावरून सरळ पुढे जातो. हे मला पटत नाही, आणि आज त्यावरच भांडायचं आहे.

कारणं मला तोंडपाठ आहेत. "विकत कशाला घ्यायची, चातुर्मासात फुकट मिळतातच की!" मिळतात ना. कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या पारण्यानिमित्त. आमच्या कपाटात एकाच पूजासंग्रहाच्या पाच प्रती आहेत. वाचायला एक पुरते, रद्दीत द्यावं तर अविनय, म्हणून उरलेल्या चार गुपचूप बस्तीच्या कट्ट्यावर. तुमच्याकडेही वेगळं नसणार! शास्त्रदान हे चार दानांपैकी एक आहे, त्याला नाव ठेवायचं नाही मला. पण आहारदान करताना आपण किती विचार करतो बघा. महाराजांचा त्याग कशाचा, प्रकृती कशी, ऋतू कोणता, सगळं विचारून चौका लावतो. पुस्तक वाटताना मात्र घेणारीला भूक कशाची आहे हे कुणी विचारत नाही. देणाऱ्याला जे पुण्याचं वाटलं ते तिच्या हातात. स्वतःची भूक स्वतः ओळखायची तर दुकानातच जावं लागतं.

दुसरं कारण जरा धार्मिक वेष घालून येतं. "एवढी पुस्तकं म्हणजे परिग्रहच नाही का?" हे विचारणारीच्या कपाटात किती साड्या आहेत ते मी मोजणार नाही. एवढंच सांगते की सगळं सोडलेल्या दिगंबर मुनींजवळही तीन उपकरणं असतात. पिंछी, कमंडलू आणि शास्त्र.

तिसरं, ऑनलाइन स्वस्त पडतं. पडतं, पण तिथे पुस्तकाचं नाव आधी माहीत असावं लागतं. एकदा लोणच्यांचं पुस्तक मागवा, मग महिनाभर लोणचीच समोर येतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या जुन्या दुकानात उभ्या राहून बघा. पाककृतींच्या शेजारी प्रवासवर्णन, त्याच्या खाली कुणा बाईचं आत्मचरित्र, आणि आपण शोधायला गेलो ते बाजूलाच राहतं. काउंटरवरचे काका सांगतात, "ताई, मागच्या वेळी ते नेलंत ना, मग हे बघा." अर्धा तास उभं राहून चार पानं वाचली तरी कुणी हटकत नाही. कुणी "चहा झाला का?" विचारत नाही, हे तर आपल्याला घरातसुद्धा मिळत नाही.

आणि "आपल्या बायकांनी धर्माचंच वाचावं" म्हणणाऱ्यांना मी पंडित नाथूराम प्रेमींची आठवण करून देते. मुंबईच्या हिराबागेतलं त्यांचं हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय १९१२ चं. पहिलं पुस्तक कोणतं काढलं? मिलच्या स्वातंत्र्यावरच्या ग्रंथाचा महावीरप्रसाद द्विवेदींनी केलेला अनुवाद. प्रेमचंद छापले, शरदबाबू छापले, आणि 'जैन साहित्य और इतिहास' हा मोठा ग्रंथ स्वतः लिहिला. धर्माचं एक कपाट आणि बाकीच्या जगाचं दुसरं, अशी भिंत त्या श्रावकाने घातली नाही. आपण का घालतो?

धवला टीका शतकानुशतकं मूडबिद्रीत ताडपत्रांवर राहिली. लोक जायचे, दर्शन घ्यायचे, परत यायचे. शास्त्र छापणं हेच पाप, असं म्हणणारे आपल्यातच होते. १९३९ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांनी तिचा पहिला छापील भाग अमरावतीहून काढला, तेव्हा कुठे ती पंडितांच्या पलीकडे जाऊ लागली. आपण पुस्तकांना पुन्हा दर्शनापुरतं करून ठेवतोय.

दुकानं आपली वाट बघत थांबणार नाहीत. मुंबईतलं स्ट्रँड बुक स्टॉल १९४८ चं, २०१८ मध्ये बंद झालं. पुस्तकविक्रेता प्रकाशकाकडून मिळणाऱ्या कमिशनवर जगतो, त्यातून भाडं आणि पगार जातात. आपण दुकानात पुस्तक चाळायचं, फोटो काढायचा आणि घरी येऊन मोबाइलवर मागवायचं, हे तर सरळ त्याच्या ताटातलं उचलणं झालं. अचौर्याच्या व्याख्येत बसवा कुठे बसतं ते.

यंदा संक्रांतीच्या वाणाला आमच्या मंडळात प्लास्टिकचे डबे नकोत, असं मी सांगून टाकलंय. डब्यांचे पैसे प्रत्येकीच्या हातात द्यायचे आणि सगळ्यांनी मिळून दुकानात जायचं. ज्याला-त्याला हवं ते. सुनांना, मुलींनाही घेऊन. कुणी कुणाचं पुस्तक बघून नाक मुरडायचं नाही. जानेवारीत दिवस लवकर मावळतो, तेव्हा दुपारी तीनलाच निघू, म्हणजे सूर्यास्ताच्या आत घरी येऊन जेवणं होतील.