एफसिंक म्हणतो "झालं". खरंच झालं?

एनएफएस सर्व्हर स्लो वाटतो, म्हणून कुणीतरी एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये 'असिंक' टाकतं. बेंचमार्क सुसाट पळतो आणि सगळे खूश. मंडळी, याला ट्यूनिंग नाही, थाप मारणं म्हणतात!

प्रोग्रॅमने राइट केलं की डेटा आधी मेमरीत जातो, लगेच डिस्कवर नाही. म्हणून तर एफसिंक आहे. १९९५ साली आलेल्या एनएफएस आवृत्ती ३ मध्ये क्लायंट भराभर राइट पाठवतो आणि शेवटी 'कमिट' मागतो. सर्व्हर हो म्हणेपर्यंत तो स्वतःकडची प्रत सोडत नाही. मध्येच सर्व्हर रीबूट झाला तर त्याच्या उत्तरातला एक आकडा बदललेला असतो. तो पाहून क्लायंट सगळं पुन्हा पाठवतो. किती शहाणी सोय!

असिंक नेमकी तीच मोडतं. समजा, आवक-जावकच्या खिडकीवरच्या कारकुनाने रजिस्टरात नोंद न करताच तुमच्या प्रतीवर शिक्का मारला. शिक्का बघून तुम्ही निर्धास्त झालात आणि प्रत फाडलीत. आता अर्ज हरवला तर बसा बोंबलत. इथेही तेच. एफसिंकने शून्य परत दिलेलं, लॉगमध्ये एरर नाही, आणि फाइल अर्धी.

"पण आमच्याकडे यूपीएस आहे ना!" ठाणे-डोंबिवलीत राहून असं म्हणता? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या. बिघाड होता आपल्याच कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्यांवर. बॅटरी किती वेळ पुरणार? आणि कर्नल पॅनिक झाला तर यूपीएसला त्याचं काय सोयरसुतक!

बिल्डच्या तात्पुरत्या फाइल्ससाठी असिंक वापरा, माझी हरकत नाही. त्या पुन्हा तयार करता येतात. पण पगार, बिलं, रुग्णांचे रिपोर्ट? तिथे सिंकच हवं. लिनक्सच्या एनएफएस-युटिल्समध्ये १.०.० नंतर तोच डीफॉल्ट आहे, तो उगाच नाही. वेग हवा असेल तर वीज गेली तरी टिकणारा राइट कॅश विकत घ्या, किंवा बरेच राइट गोळा करून एकदाच एफसिंक करा.

आणि कोड लिहिणाऱ्यांनो, एफसिंक आणि क्लोज काय परत देतात ते तपासा. एनएफएसवर 'डिस्क भरली' हे कित्येकदा तिथेच कळतं. एफसिंक फेल झाला तर नुसता पुन्हा मारून भागत नाही. २०१८ मध्ये पोस्टग्रेसवाल्यांना कळलं की लिनक्सवर दुसरा एफसिंक खुशाल "झालं" म्हणू शकतो, डेटा गेलेला असला तरी.

असो. स्लो सर्व्हरला शिव्या घालता येतात. खोटं बोलणाऱ्या सर्व्हरचं खोटं मात्र वीज आल्यावरच कळतं.