वही फाडण्याआधी

पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी काळभोर येथे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा मांडणीचे एक घर. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आजींचा प्रवास थांबलेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापुरात भाचीच्या मुलीचे लग्न. सोहळा यूट्यूबवर थेट दिसणार होता, म्हणून नातवाने टीव्हीला जोडायची नवी स्टिक आणली. रात्री दुकान वाढवल्यावर जोडणीला आरंभ झाला आणि पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटून तेथेच थिजले. अर्धा तास गेला. नातू म्हणाला, "रीसेट करून टाकतो." वडील मोबाईलवर मदतीचा क्रमांक शोधू लागले. तेव्हा आजी म्हणाल्या, "अरे, हिशेब जुळला नाही म्हणून तुझे आजोबा वही फाडत नसत. पहिल्या नोंदीपासून पुन्हा बेरीज करीत."

अडलेल्या उपकरणालाही हीच रीत लागू पडते. जोडणीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: वीज, रिमोटची ओळख, वाय-फाय, सॉफ्टवेअरचे अद्ययावतीकरण आणि शेवटी खात्याची नोंद. कोणत्या पायरीवर गाडे अडले ते आधी पाहावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कोठे होता हे कधीच कळत नाही.

चिन्हावरच थिजण्याचे नेहमीचे कारण म्हणजे अपुरी वीज. टीव्हीच्या मागील जुन्या पद्धतीच्या यूएसबी खाचेतून साधारण ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. स्टिकला बहुधा त्याच्या दुप्पट लागतो. म्हणून खोक्यातील मूळ अडॅप्टर व वायर वापरून ती भिंतीवरील सॉकेटला जोडावी. पडदा पूर्ण काळा असेल, तर एचडीएमआयची खाच बदलून पाहावी. रिमोट दाद देत नसेल, तर आधी त्यातील सेल बदलावेत.

पुढची अडचण वाय-फायची. राउटर दुकानात आणि टीव्ही माडीवर असेल, तर मधला स्लॅब लहरी अडवतो. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान, पण भिंतींपुढे लवकर क्षीण होते, २.४ गिगाहर्ट्‌झची संथ, पण दूर पोहोचते. अशा घरात दुसरीच निवडावी. शंका राहिली, तर मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन पाहावा: जोडणी पुढे सरकली तर दोष स्टिकमध्ये नसून राउटरकडे आहे. मात्र अद्ययावतीकरण चालू असता वीज तोडू नये. ते अर्धवट राहिले, तर उपकरण खरोखरच निकामी होऊ शकते.

रीसेट हा शेवटचा उपाय का, हे मार्च २०२५ मध्ये जगभर दिसले. २०१५ साली बाजारात आलेली गूगलची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे ९ मार्चच्या सुमारास एकाएकी चालेनाशी झाली. त्यांची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. यंत्रे धडधाकट होती. गूगलने रीसेट न करण्याची सूचना दिली. ज्यांनी धीर धरला, त्यांच्याकडे काही दिवसांत दुरुस्ती आपोआप पोहोचली. ज्यांनी घाईने रीसेट केले होते, त्यांची उपकरणे पुन्हा जोडणीच स्वीकारीनात. त्यांना वेगळ्या दुरुस्तीसाठी थांबावे लागले.

याहून मोठा धोका मात्र मदतीच्या शोधात असतो. इंटरनेटवर खोटे ग्राहकसेवा क्रमांक पेरलेले असतात. पलीकडचा गृहस्थ गोड बोलून 'ॲक्टिव्हेशन' शुल्क मागतो किंवा मोबाईलचा पडदा दाखवणारे ॲप घ्यायला लावतो. अशाच एका ॲपद्वारे होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये सावध केले होते. स्टिक सुरू करण्याचे वेगळे शुल्क नसते. पैसे पडतात ते वाहिन्यांच्या वर्गणीचे. क्रमांक खोक्यावरील किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरीलच घ्यावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. ज्या मोबाईलवर दुकानाचे खाते चालते, त्याचा पडदा परक्याला दाखवणे म्हणजे गल्ल्याची किल्ली हाती देणे होय. फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

त्या रात्री वडिलांनी शोध थांबवला. नातवाने वायर टीव्हीतून काढून भिंतीवरील अडॅप्टरला लावली आणि चिन्ह पुढे सरकले. वाय-फायशी पुन्हा अडले, तेव्हा २.४ गिगाहर्ट्‌झचे जाळे निवडले गेले. अद्ययावतीकरणाला वीस मिनिटे लागली. तेवढा वेळ कोणी रिमोटला हात लावला नाही. सकाळी मंगलाष्टके सुरू झाली, तेव्हा आजी टीव्हीसमोर अक्षता घेऊन बसल्या होत्या.